थंडीतील छायाचित्रण

रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या पेढ्या अद्याप उघडलेल्या नसतात, अशा वेळी डिसेंबर-जानेवारीत तेथे जो प्रकाश पडतो, तो वर्षाच्या इतर महिन्यांत मिळत नाही. याचे कारण सूर्याच्या उंचीत आहे. रायपूर सुमारे २१ अंश १५ कला उत्तर अक्षांशावर वसले आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास तेथे भर मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून केवळ ४५ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे दुपारी बारा वाजतादेखील घराची सावली जवळजवळ त्याच्या उंचीइतकी लांब पडते. सकाळी आठ वाजता सूर्याची उंची साधारण १६ अंश असते आणि सावली उंचीच्या तिपटीहून अधिक होते. जूनमध्ये हाच सूर्य दुपारी थेट माथ्यावर येतो, माणसांच्या डोळ्यांखाली काळ्या खाचा पाडतो आणि जुन्या घरांच्या लाकडी कोरीवकामाचा उठाव नाहीसा करतो. हिवाळ्यातील तिरपा प्रकाश ते काम उठावदार करतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या दर्शनी भिंतींना त्याचा सर्वांत अधिक लाभ होतो. मात्र गल्ली अरुंद असल्यास समोरच्या घरांची सावली त्यांचा खालचा भाग झाकून टाकते, हे आधीच पाहून ठेवावे.

या प्रकाशाला हवेचीही जोड मिळते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता उत्सर्जित करून थंड होते आणि तिच्यालगतचा हवेचा थर वरच्या थरापेक्षा अधिक गार होतो. जड गार हवा खाली आणि हलकी उबदार हवा वर, अशी मांडणी झाली की चुलीचा, सिगडीचा, वाहनांचा व कारखान्यांचा धूर वर चढू शकत नाही. तो गल्लीतच तरंगत राहतो. फुप्फुसांना हे अहितकारक आहे यात शंका नाही. परंतु दोन घरांमधून शिरणारा सूर्यकिरण या धूलिकणांवर विखुरतो आणि एरवी न दिसणारी त्याची वाट छायाचित्रात स्पष्ट उमटते. कॅमेरा सूर्याकडे रोखला तरच ती वाट चांगली दिसते. सूर्याकडे पाठ केली तर केवळ मळकट धुके हाती येते.

धुक्यात नवशिक्याचे छायाचित्र हटकून करडे येते. दोष कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाच्या हिशेबात असतो. समोरचे दृश्य त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करते, असे धरून हे मापक काम करते. ताजे बर्फ ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत पाठवते. पांढरे धुके आणि चुन्याची भिंतही मापकाला तशीच फसवतात. शुभ्र वस्तू पाहून ते प्रकाश अतिरिक्त आहे असे मानते आणि एक्स्पोजर कमी करते. अशा वेळी त्याने सांगितल्यापेक्षा दाट धुक्यात साधारण दुप्पट व बर्फात दुप्पट ते चौपट प्रकाश द्यावा.

कॅमेऱ्याला खरा धोका मात्र थंडीपेक्षा उबेत शिरण्याचा असतो. पहाटे गच्चीवर तासभर ठेवलेल्या कॅमेऱ्याचे तापमान ११ अंश सेल्सिअस झाले आहे असे समजावे. खालच्या खोलीत २२ अंश तापमान व ६० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर त्या हवेचे दवबिंदू तापमान सुमारे १४ अंश असते. याहून गार असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर हवेतील बाष्पाचे पाणी होते. त्यामुळे खोलीत येताच भिंग आंधळे होते. दुधाचे आधण उकळत असलेल्या चहाच्या दुकानात तर क्षणाचाही विलंब लागत नाही; चष्मा लावणाऱ्याला हा अनुभव नवा नाही.

येथे हात रुमालाकडे जातो, आणि तेच टाळावे. ओल्या काचेवरील धूळ रुमालाने घासली गेली की भिंगावरील नाजूक लेप ओरखडतो. शिवाय पाणी आतल्या भिंगांवर आणि विद्युत मंडलांवरही धरते. तेथे रुमाल पोहोचतच नाही. ही ओल चामडी पेटीत कोंडून राहिली तर भिंगावर बुरशीचे तंतू पसरतात, ते लेप कुरतडतात आणि पुढे स्वच्छ करूनही डाग जात नाहीत. उपाय अगदी स्वस्त आहे. उघड्यावर असतानाच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा, आतील हवा दाबून काढावी आणि तोंड घट्ट बांधावे. मग खोलीत दव पडते ते पिशवीच्या बाहेरच्या अंगावर. कॅमेरा खोलीइतका उबदार होण्यास अर्धा तास ते दोन तास लागतात. तोवर पिशवी सोडू नये. चित्रे तातडीने हवी असतील तर मेमरी कार्ड बाहेर असतानाच काढून घ्यावे. थोड्याच वेळाने पुन्हा बाहेर जावयाचे असल्यास कॅमेरा आत आणूच नये, हे सर्वांत उत्तम. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात राहणारा विल्सन बेंटली हा शेतकरी असेच करीत असे. त्याने १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचे पहिले छायाचित्र घेतले आणि पुढे पाच हजारांहून अधिक घेतली, ती सर्व शेकोटी नसलेल्या गार खोलीत. हिमकण वितळू नये म्हणून तो श्वासदेखील रोखून धरीत असे.

रायपूरच्या थंडीत बॅटरीला विशेष त्रास होत नाही. परंतु सरगुजा जिल्ह्यातील मैनपाटच्या पठारावर थंडीच्या लाटेत गवतावरील दव गोठते, आणि लडाखला जाणाऱ्यांना शून्याखाली वीस अंशांची गाठ पडते. तेथे बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि भरलेली बॅटरी रिकामी झाल्यासारखी वाटते. ती फेकू नये. अंगाशी आतल्या खिशात ठेवून ऊब दिली की पुन्हा चालते. एक जादा बॅटरी त्याच खिशात असावी. गोठणबिंदूखाली लिथियम-आयन बॅटरी चार्ज मात्र करू नये. जे अद्याप फिल्म वापरतात त्यांनी ती सावकाश गुंडाळावी. कोरड्या थंडीत फिल्म ठिसूळ होते, आणि झटक्याने ओढल्यास स्थिर विजेच्या ठिणग्या उडून चित्रावर विजेच्या फांद्यांसारख्या रेषा उमटतात.

थंडी फिल्मची राखणही करते. स्वीडनचा अभियंता आंद्रे १८९७ साली दोन सहकाऱ्यांसह वायुयानातून उत्तर ध्रुवाकडे निघाला. तिघेही परतले नाहीत. १९३० साली क्विटोया बेटावर त्यांचे अवशेष आणि फिल्म सापडल्या. ३३ वर्षे बर्फात राहिलेल्या त्या फिल्मवरून नव्वदहून अधिक चित्रे मिळाली. बर्फावर कोसळलेल्या वायुयानाशेजारी उभी असलेली माणसे त्यांत ओळखू येतात. उष्णतेने फिल्मवरील रसायने लवकर बिघडतात, म्हणून रायपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांकडे सरकत असता, न वापरलेली फिल्म शीतकपाटात ठेवतात. ती बाहेर काढल्यावर डबी लगेच उघडू नये. खोलीच्या तापमानास येईपर्यंत, निदान दोन तास, ती बंदच ठेवावी.