राज्यक्रांतीच्या काळातील आयरिश विद्यापीठे (१९०८–१९२३)

आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याशी मराठी वाचकाचा परिचय जुना आहे. ‘होमरूल’ हा शब्दच आपण तेथून घेतला. लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना बेळगाव येथे एप्रिल १९१६ च्या अखेरीस झाली. नेमक्या त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव चालू होता आणि होमरूलची मूळ आयरिश कल्पना तेथील तरुणांच्या दृष्टीने निस्तेज होऊ लागली होती, हा योगायोग अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. परंतु आपला हा परिचय बहुधा हुतात्म्यांच्या चरित्रांपुरताच राहिला. प्रस्तुत लेखात त्या काळातील विद्यापीठीय जीवनाचा परामर्श घ्यावयाचा आहे. कारण हा संघर्ष जसा रस्त्यांवर झाला, तसाच तो प्रवेशपरीक्षेच्या नियमांत आणि एकाच महाविद्यालयाच्या अध्यापकवर्गातही झाला.

प्रथम संस्थांची रचना पाहू. १९०८ च्या आयरिश विद्यापीठ कायद्याने केवळ परीक्षा घेणारे जुने रॉयल विद्यापीठ बरखास्त झाले व त्याच्या जागी दोन विद्यापीठे आली. डब्लिन, कॉर्क व गॉलवे येथील महाविद्यालयांचे मिळून ‘नॅशनल युनिव्हर्सिटी’ बनले. बेलफास्टचे क्वीन्स हे स्वतंत्र विद्यापीठ झाले. एलिझाबेथ राणीच्या काळी, १५९२ साली स्थापन झालेल्या ट्रिनिटी कॉलेजला कायद्याने हात लावला नाही. कायद्याच्या शब्दांत धर्माचा भेद नव्हता. व्यवहारात मात्र नॅशनल कॅथलिकांचे, क्वीन्स प्रेसबिटेरियनांचे व ट्रिनिटी अँग्लिकन अभिजनांचे, अशी वाटणी सर्वांनी गृहीत धरली होती. पुढे झालेल्या देशाच्या फाळणीची रेषा विद्यापीठांच्या नकाशावर तेरा वर्षे आधीच उमटली होती, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

नव्या विद्यापीठापुढील पहिला मोठा वाद भाषेचा होता. भाषेच्या अभ्यासकास तोच सर्वांत उद्बोधक वाटेल. १८९३ मध्ये डग्लस हाइड, ओवेन मॅक्नील प्रभृतींनी स्थापन केलेल्या गेलिक लीगने अशी मागणी केली की, नॅशनल विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत आयरिश भाषा अनिवार्य असावी. १९११ च्या शिरगणतीनुसार आयरिश बोलणारे सुमारे ५,८२,००० होते, म्हणजे लोकसंख्येच्या आठव्या हिश्श्याहून थोडे अधिक. आणि त्यांतील बहुसंख्य पश्चिम किनाऱ्यावरील गरीब शेतकरी व कोळी. ज्या वर्गातून विद्यार्थी येत, तो वर्ग इंग्रजी बोलणारा होता. कॅथलिक बिशपांनी १९०९ मध्ये अनिवार्यतेस विरोध केला. तिच्यामुळे कॅथलिक मुले ट्रिनिटीकडे वळतील, ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. मेनूथ येथील धर्मविद्यालयातील आयरिशचे प्राध्यापक, फादर मायकेल ओ’हिकी, यांनी बिशपांवर जहाल टीका केली; त्यांना त्याच वर्षी अध्यासनावरून दूर करण्यात आले. या वादात ज्याची उपजीविका प्रत्यक्ष गेली, तो मनुष्य त्या भाषेचाच प्राध्यापक होता. तरीही लोकमताच्या रेट्यापुढे विद्यापीठाच्या सेनेटला नमावे लागले व १९१० मध्ये असा निर्णय झाला की, १९१३ पासून प्रवेशासाठी आयरिश अनिवार्य राहील.

या निर्णयाचा परिणाम दुहेरी झाला. विद्यापीठात शिरू पाहणाऱ्या प्रत्येक मध्यमवर्गीय मुलास लीगच्या वर्गांशी, आणि तेथील वातावरणाशी, संबंध ठेवणे भाग पडले. हे वातावरण कागदोपत्री अराजकीय होते. १९१५ मध्ये लीगने स्वतंत्र आयर्लंडचे ध्येय उघडपणे स्वीकारले, तेव्हा हाइड यांनी अध्यक्षपद सोडले. पण तोपर्यंत लीगचे वर्ग हे क्रांतिकारकांचे भेटीचे ठिकाण बनून गेले होते. ‘शिन फेन’ या नावाचे ‘केवळ आम्हीच’ असे जे भाषांतर इंग्रजीच्या द्वारे आपल्याकडे आले, ते सदोष आहे. मूळ आयरिशमध्ये ‘आम्ही स्वतः’ एवढाच अर्थ आहे. स्वावलंबनाच्या त्या शब्दाला एकलकोंडेपणाची छटा भाषांतराने दिली.

१९१३ च्या नोव्हेंबरात डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील प्राचीन आयरिश इतिहासाचे प्राध्यापक मॅक्नील यांनी लीगच्या मुखपत्रात एक लेख लिहिला व त्याच महिन्यात ‘आयरिश व्हॉलंटियर्स’ ही सेना उभी राहिली. मध्ययुगीन वंशावळींचा हा संशोधक तिचा प्रमुख झाला. पुढील वर्षी महायुद्ध सुरू झाले. होमरूलचा कायदा सप्टेंबर १९१४ मध्ये संमत होऊन लगेच स्थगित झाला आणि समाज दुभंगला. दोन लाखांहून अधिक आयरिश पुरुष ब्रिटिश सैन्यातून लढले, हे पुढील काळाच्या राष्ट्रीय स्मृतीने दीर्घकाळ झाकून ठेवले.

ट्रिनिटीची निष्ठा सरळ होती. युद्धात कामी आलेल्या तिच्या ४७१ जणांची नावे तेथील स्मारकदालनात कोरलेली आहेत. प्रोव्होस्ट महॅफी यांनी नोव्हेंबर १९१४ मध्ये कॉलेजच्या गेलिक सोसायटीची सभा बंद पाडली; कारण तीत पॅट्रिक पिअर्स बोलणार होते. महॅफी हे ग्रीक विद्येचे मोठे पंडित. आयरिश भाषेविषयी त्यांनी आयुष्यभर तुच्छताच बाळगली. विद्वत्ता आणि भाषिक औदार्य यांचा संबंध अनिवार्य नाही, हे आपणही अन्यत्र पाहिले आहे.

खरी शोकांतिका मात्र घडली ती नॅशनल विद्यापीठाच्या डब्लिन कॉलेजात. तीन माणसांकडे पाहावे. राष्ट्रीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक टॉम केटल हे माजी पार्लमेंट-सदस्य होते. १९१४ च्या उन्हाळ्यात व्हॉलंटियर्ससाठी शस्त्रे विकत घेण्यास ते बेल्जियममध्ये गेले असता युद्ध सुरू झाले. जर्मन आक्रमण डोळ्यांनी पाहून परतलेला हा गृहस्थ ब्रिटिश सैन्यात अधिकारी झाला. त्यांचे साडू फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन हे पूर्वी जुन्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे रजिस्ट्रार होते. स्त्रियांच्या समान दर्जाच्या प्रश्नावर त्यांनी १९०४ मध्ये राजीनामा दिला होता; ते कट्टर शांततावादी होते. तिसरे टॉमस मॅक्डोना, इंग्रजी विषयाचे अध्यापक व कवी.

ईस्टरच्या सोमवारी, २४ एप्रिल १९१६ रोजी उठाव झाला. मॅक्नील यांनी आदल्या शनिवारी आपल्या सैनिकांना स्वस्थ राहण्याची आज्ञा काढली होती. पण त्यांच्या हाताखालील मॅक्डोना हे उठावाच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या सात जणांपैकी होते. लुटालूट थांबविण्याच्या खटपटीत असलेल्या शीही-स्केफिंग्टन यांना पकडून २६ एप्रिल रोजी एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुकमाने, कोणतीही चौकशी न होता, गोळ्या घालण्यात आल्या. मॅक्डोना यांना ३ मे रोजी मृत्युदंड झाला. केटल ९ सप्टेंबर रोजी सोमच्या लढाईत पडले. बंडखोर पुढे वीर ठरतील आणि आपण, आठवण राहिलीच तर, ब्रिटिश अधिकारी म्हणून राहू, हे त्यांनी आधीच ओळखले होते. त्यांचा अर्धपुतळा डब्लिनच्या उद्यानात बसण्यास १९३७ साल उजाडले. पाच महिन्यांच्या आत एकाच विद्यासंस्थेच्या परिवारातील तीन बुद्धिमान माणसे तीन वेगळ्या निष्ठांसाठी गेली. त्यांपैकी कोणाचीही निष्ठा उथळ होती, असे म्हणवत नाही.

मॅक्डोना यांचा ‘लिटरेचर इन आयर्लंड’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. आयरिश माणसाच्या इंग्रजी पद्यात गेलिक बोलीची व संगीताची लय उतरते आणि म्हणून ते इंग्लंडमधील इंग्रजी पद्याहून वेगळे ठरते, असा त्याचा सिद्धांत आहे. ज्याने इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरले, त्याने इंग्रजी भाषेत मात्र आयर्लंडचा हक्क शोधला, हे लक्षणीय आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांत काही काळ एक भारतीय तरुणही होता: वराहगिरी वेंकट गिरी, पुढे आपले राष्ट्रपती. गिरींना १९१६ मध्येच आयर्लंड सोडावे लागले. मॅक्डोना यांच्या रिकाम्या जागी त्यांचेच शिष्य, कवी ऑस्टिन क्लार्क, यांची नेमणूक झाली.

विद्यार्थ्यांच्या मनाची अवस्था किती अस्थिर होती, याचे उदाहरण म्हणून अर्नी ओ’मॅली यांची हकीकत पुरेशी आहे. वैद्यकाच्या या विद्यार्थ्यास उठावाच्या आठवड्यात ट्रिनिटीतील मित्रांनी कॉलेजच्या रक्षणासाठी बंदूक देऊ केली होती. आठवडा संपण्यापूर्वी तो बंडखोरांच्या बाजूने गोळ्या झाडीत होता.

स्त्रियांचा सहभाग येथे थोडक्यातच सांगता येतो. आयरिशच्या अध्यापिका ॲग्नेस ओ’फॅरेली यांनी एप्रिल १९१४ मध्ये ‘कुमन ना मन’ या स्त्रीसंघटनेच्या पहिल्या सभेचे अध्यक्षस्थान भूषविले. पदवीधर लुईझ गॅव्हन डफी उठावाच्या वेळी डब्लिनच्या मुख्य टपाल कार्यालयात होत्या. त्यांनी १९१७ मध्ये संपूर्ण आयरिश माध्यमाची शाळा काढली.

१९१८ च्या निवडणुकीत शिन फेनला १०५ पैकी ७३ जागा मिळाल्या. नॅशनल विद्यापीठाच्या मतदारसंघातून, तुरुंगातून सुटून आलेले मॅक्नील निवडून आले. त्यानंतरच्या गनिमी युद्धात विद्यार्थी थेट ओढले गेले. केव्हिन बॅरी हा अठरा वर्षांचा वैद्यकाचा विद्यार्थी २० सप्टेंबर १९२० रोजी सकाळी लष्करी गाडीवरील हल्ल्यात पकडला गेला. त्याच दुपारी त्याची परीक्षा होती. हल्ल्यात मेलेले तीन सैनिकही कोवळ्या वयाचेच होते. १ नोव्हेंबरला त्यास फाशी झाली.

ज्या अर्ल्सफोर्ट टेरेसवरील इमारतीत तो शिकला, तेथेच डिसेंबर १९२१ व जानेवारी १९२२ मध्ये ब्रिटनशी झालेल्या तहावर चर्चा झाली. ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह मान्य झाला. तहाचे विरोधक डी व्हॅलेरा नुकतेच नॅशनल विद्यापीठाचे कुलपती झाले होते आणि १९७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत कुलपती राहिले. तहाचे समर्थक मॅक्नील नव्या राज्याचे शिक्षणमंत्री झाले. यादवी युद्धात मॅक्नील यांचा मुलगा ब्रायन तहविरोधी बाजूने लढत होता. सप्टेंबर १९२२ मध्ये स्लायगोच्या डोंगरांत तो मारला गेला, तो वडिलांच्या सरकारच्या सैन्याकडून.

शाळांतून आयरिश सक्तीची झाली, तरी जी भाषा घरात बोलली जाते, तिला परीक्षेचा नियम वाढवू शकत नाही. ज्या सव्वीस परगण्यांचे नवे राज्य बनले, तेथे १९११ मध्ये सुमारे ५,५३,००० असलेली आयरिश-भाषकांची संख्या १९२६ मध्ये ५,४३,००० वर आली. हा आकडाही फसवा आहे. शाळेत शिकलेली मुले त्यात वाढली आणि मातृभाषकांचे प्रमाण त्याहून वेगाने घटले.

३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात व आगीत नष्ट झाले. सात शतकांची दप्तरे गेली. आत तहविरोधकांची तुकडी होती व तीत ओ’मॅली होते. बाहेर तोफा लावणारे सरकार मॅक्नील यांच्या पक्षाचे होते. मॅक्नील १९२५ मध्ये मंत्रिपद सोडून आपल्या अध्यासनाकडे परतले आणि १९२८ मध्ये आयरिश हस्तलिखित आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. जळालेल्या कागदांच्या अन्यत्र उरलेल्या प्रती शोधून त्या अभिलेखागाराची संगणकीय पुनर्रचना २०२२ मध्ये अभ्यासकांना खुली झाली. हे कार्य ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने झाले.