आजीबाईंचे पैसे कुठे गेले?

"भाऊ, मना पैसा कोठे गयात?"

पारोळ्याच्या आजीबाईंनी पासबुक पुढे सरकवले. त्यात रक्कम होती, सही होती, शिक्काही होता. संगणकात मात्र ठणठणाट!

चूक माझीच. आमच्या पतपेढीचा डेटाबेस, म्हणजे साऱ्या खात्यांची मोठी वही, आम्ही जळगावच्या सर्व्हरवरून धुळ्याच्या नव्या सर्व्हरवर हलवली होती. शाखांतल्या प्रत्येक संगणकात सर्व्हरचा पत्ता लिहिलेला असे. एस.टी.ने एरंडोल, पारोळा करीत मी ते पत्ते बदलत हिंडलो. त्यात पारोळ्याचा एक संगणक राहून गेला, आणि जुना सर्व्हरही चालूच राहिला. त्या बापड्या संगणकाने तीन दिवस सगळा भरणा इमानाने जुन्या वहीत लिहिला! रात्रभर बसून नोंदी जुळवल्या, तेव्हा आजीबाईंची रक्कम सापडली.

मग आम्ही डिरेक्टरी बसवली. नाव भारदस्त, पण वस्तू टेलिफोनच्या पुस्तकासारखीच. 1988 साली तिचे एक्स.500 हे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. ते फार अवजड, म्हणून 1993 साली मिशिगन विद्यापीठाचे टिम हॉवेस व त्यांचे सहकारी यांनी एलडॅप ही सुटसुटीत पद्धत पुढे मांडली. आता शाखेतला संगणक पत्ता पाठ करीत नाही; खात्यांची वही कुठे आहे, एवढेच डिरेक्टरीला विचारतो. सर्व्हर हलला, की एक ओळ बदलायची.

पण वाचकहो, पुस्तकच कोणी खोटे पुढे केले तर? म्हणून डिरेक्टरीचे प्रमाणपत्र आधी तपासायचे आणि बोलणे सांकेतिक लिपीत करायचे. शिवाय एमआयटीत जन्मलेली कर्बेरॉस पद्धत आहे. (ग्रीक पुराणातल्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचे हे नाव!) तिच्यात कारकुनाला काही तासांचे तिकीट मिळते, त्याचा पासवर्ड सर्व्हरपर्यंत जातच नाही.

नावांची यादी करताना मात्र अंगावर काटा आला. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एका गृहस्थांचे नाव दोन्ही सर्व्हरांवर शाबूत! गृहस्थ सज्जन, म्हणून निभावले. आता नाव एकाच ठिकाणी खोडतो. हातातले तिकीट तेवढे मुदतीपर्यंत चालते, हे ध्यानात ठेवावे लागते.

डिरेक्टरी बंद पडली तर सगळ्याच शाखा आंधळ्या. म्हणून एक प्रत जळगावला, दुसरी धुळ्याला. 1906 साली खानदेशचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हाच्या दप्तरवाल्यांचे काय हाल झाले असतील, असे मनात येते!

आजीबाई अजून दरमहा येतात. पावती घेऊन जात नाहीत. आधी पडद्यावर आपले नाव दाखवायला लावतात. मी मुकाट्याने दाखवतो.