डोंगर ठरवताना

आमलीत माणूस आडनावापेक्षा खात्यावरून जास्त ओळखला जातो. क्वालिटीवाला, मेंटेनन्सवाला, डिस्पॅचवाला, स्टोअरवाला. सेलवासला चिकटलेल्या या भागात खानदेशातून, कोल्हापूर-सांगलीकडून, नाशिकच्या बाजूने पोरं कारखान्यांत येतात, तिघं-चौघं मिळून खोली घेतात आणि पाळीप्रमाणे झोपतात. एक जण कामावर निघतो तेव्हा दुसरा परतत असतो. अशा खोलीतला कुणी लग्नाला उभा राहिला की ‘याच्यासाठी काहीतरी करायला पाहिजे’ हा विषय निघतो. हल्ली त्या ‘काहीतरी’ला बॅचलर ट्रिप म्हणतात.

आमच्या नवरदेवाने ‘डोंगरावर जाऊ’ म्हटलं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. गुजरातेत राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. त्यामुळे शनिवार-रविवारी सीमेपलीकडच्या गाड्या सेलवासच्या हॉटेलांपुढे रांगेने उभ्या असतात, आणि त्यांतल्या कितीतरी लग्नाआधीच्या पार्ट्याच असतात. लोक बॅचलर पार्टीला जिथे येतात, तिथे आम्ही राहतो. ज्या बारपुढून रोज डबा घेऊन जायचं, तिथे नवरदेवाचा मान तो काय राखणार?

पहिली यादी उत्साहाची होती. मनाली, साल्हेर, कळसूबाई, दुधनी, हरिहर. मनाली रजेच्या अर्जापाशीच संपली. साल्हेरवर बराच खल झाला. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक. पण बागलाणात जायचं, दिवसभर चालायचं आणि सोमवारी सकाळी मशिनपुढे उभं राहायचं, हे बसेना. कळसूबाईचं तेच. दुधनी घरचीच. मधुबन धरणाचं दमणगंगेचं पाणी तिथवर पसरलेलं आहे, नावा आहेत, बाजूला टेकड्या आहेत. पण गावाकडून आई-वडील आले की आपण त्यांना दुधनीलाच नेतो. दोस्तांनी तिथे जायचं म्हणजे मावशीकडे जेवायला जाऊन हॉटेलात जेवलो म्हणून सांगण्यासारखं.

उरला हरिहर. त्र्यंबकेश्वर तालुक्यातला, साधारण ३६७६ फुटांचा. उंचीसाठी त्याला कुणी विचारणार नाही. लोक येतात ते पायऱ्यांसाठी. उभ्या कातळात शिडीसारखा खोदलेला जिना, दोन्ही कडांना हात अडकवायला खोबण्या. एका वेळी एकच माणूस नीट चढेल एवढी रुंदी. १८१८ मध्ये इंग्रजांनी या भागातले किल्ले घेतले आणि अनेकांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या. हरिहरचा जिना पाहून कॅप्टन ब्रिग्जने तो तसाच राहू दिला, असं सांगतात. जिना संपला की दरवाजा, पुढे कातळाच्या पोटातून वाकून जायची वाट, मग पुन्हा पायऱ्या. माथ्यावर मारुती, महादेव, तळं आणि दोन खोल्यांचं जुनं दगडी कोठार. सगळं एका सकाळीत होतं. हीच त्याची खरी पात्रता ठरली.

एव्हाना लक्षात आलं होतं की सहल उत्साहावर ठरत नाही, अडचणींवर ठरते. कोण काय करू शकत नाही याची यादी पुरी झाली की उरलेल्या जागेत सहल आपोआप उभी राहते. म्हणून क्वालिटीवाल्याने वही काढली आणि पहिल्या पानावर फक्त ‘नाही’ लिहायला सुरुवात केली.

पहिलं ‘नाही’ नवरदेवाचं. त्याचे रविवार त्याचे राहिलेच नव्हते. एक मामाच्या केळवणाचा, एक आत्याच्या. एक बस्त्याचा, तिथे नवऱ्या मुलाला काही विचारत नाहीत, पण तो हजर लागतो. पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवायची, तो एक. शिवाय आईचा हुकूम, ‘लग्नाच्या महिन्यात डोंगरबिंगर नको. पाय मुरगळला तर बोहल्यावर काठी घेऊन उभा राहशील काय?’ हळद लागल्यावर तर शिवेबाहेर जायची सोयच नाही. लग्न माघात होतं. म्हणजे हातात डिसेंबर उरला.

दुसरं ‘नाही’ पाळ्यांचं. फर्स्ट, सेकंड, नाईट अशा आठवड्याला फिरतात आणि प्रत्येक कारखान्याचं चक्र वेगळं. सुट्टीचा वारही एक नाही. एका खात्यातले दोघं एकदम सुट्टीवर गेले तर सुपरवायझर सही करत नाही, आणि त्याचं चुकत नाही. धाग्याचं मशिन माणूस नाही म्हणून थांबत नाही. वहीत उभ्या रकान्यांत आठवडे, आडव्या ओळींत माणसं, चौकोनात पाळी. सगळ्यांची फर्स्ट एकाच शनिवारी येईल असा आठवडा मिळाला नाही. नवरदेवासह बहुतेकांची फर्स्ट आणि एकाची नाईट, असा एक मिळाला. नाईटवाल्याने स्वतःच सांगितलं, ‘मला सोडा, तुम्ही जा.’ शनिवारी तीनला गेटबाहेर, रविवारी रात्री परत.

डिसेंबर योग्यच निघाला. पावसाळ्यात हरिहरवर एवढी झुंबड उडते की जिन्यावर चढणारे-उतरणारे अडकून पडतात आणि वनविभागाला संख्येवर मर्यादा, प्रसंगी बंदी घालावी लागते. थंडीत कातळ कोरडा असतो, तळ्यात पाणी असतं आणि गवत अजून पुरतं वाळलेलं नसतं. गर्दी मात्र थंडीतल्या रविवारीही होते. मुंबईकर कसाऱ्याकडून येतात, नाशिककर त्र्यंबककडून. दोन्हीकडच्या गाड्या साधारण आठ-नऊला पायथ्याशी लागतात. म्हणून रात्रीच पायथ्याच्या निरगुडपाड्यात मुक्काम, पहाटे अंधारात वाट धरायची, उजाडताना जिन्याखाली आणि गर्दी वर येईपर्यंत आपण उतरणीला. दीड-दोन तासांची चढण धरून उलटं मोजलं तेव्हा पहाटे साडेचार ही वेळ निघाली. तो आकडा ऐकून कुणी कुरकुरलं नाही. फर्स्टला जाणारा माणूस त्याच सुमाराला उठतो.

रस्ते दोन. एक कपराडा, पेठ करून नाशिकच्या बाजूचा, तो गुजरातेतून जातो. दुसरा खानवेलवरून जव्हार, मोखाडा, खोडाळा. डिस्पॅचवाल्याचं आयुष्य ट्रकच्या कागदांत गेलेलं, त्याने दुसरा निवडला. राज्यं जितकी कमी, तितके कागद कमी. भाड्याची पिवळ्या पाटीची गाडी परराज्यात न्यायची तर परमिट आणि कर बघावा लागतो. ते मालकाकडून आधी लिहून घेतलं. खानवेल सोडल्यावर फोनला रेंज येते-जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवला आणि मुक्कामाच्या घरी किती माणसं, किती भाकरी, हे शुक्रवारीच कळवलं. डोंगरातल्या घरी रात्री नऊला अचानक जाऊन पिठलं-भाकरी मागायची नसते. तिथे सरपण आणि पाणी दोन्ही कुणीतरी डोक्यावर आणलेलं असतं.

मग बाटलीचा विषय निघाला. तो निघणारच होता.

सेलवासात दारू स्वस्त आहे, हे या गावाबद्दल बाहेरच्यांना ठाऊक असलेलं पहिलं, कधी कधी एकमेव सत्य. साहजिकच स्टोअरवाला म्हणाला, ‘इथून घेऊन जाऊ, तिकडे दुप्पट पडेल.’ डिस्पॅचवाल्याने वहीत आडवी रेघ मारली. इथल्या बाटलीवर ती इथेच विकायची असल्याचं छापलेलं असतं. महाराष्ट्राचा कर न भरलेली बाटली सीमेपलीकडे गेली की ती अवैध वाहतूक होते, मग ती ट्रकमध्ये असो की पाठीवरच्या सॅकमध्ये. तलासरी-जव्हार पट्ट्यात राज्य उत्पादन शुल्कवाले गाड्या तपासतात ते यासाठीच. सापडली तर गाडीही जप्त. आणि गाडी जप्त झालेल्या नवरदेवाचे फोटो लग्नाच्या अल्बमआधी कुठे झळकतील, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

‘मग तिकडे जाऊन घेऊ,’ स्टोअरवाला म्हणाला. यावर मेंटेनन्सवाला पहिल्यांदा बोलला. ‘रात्री घेतली की पहाटे जिन्यावर तुझा हात खोबणीत नीट बसेल?’ गडावर दारू नेणं-पिणं हा तर सरळ गुन्हा. चर्चा संपली. अख्खा पश्चिम किनारा जिथे प्यायला येतो, त्या गावातून निघणारी बॅचलर ट्रिप कोरडी ठरली. मला यात शहाणपणापेक्षा हिशेब जास्त दिसला, आणि हिशेबावर टिकलेला निर्णय रात्री दहाला फिरत नाही.

पाहणी आणि वर्गणी या दोन गोष्टी शेवटच्या. दोन्हींचा दाखला याच गावात आहे. २ ऑगस्ट १९५४ ला भर पावसात पोर्तुगीजांकडून सेलवास घेतलं ते पुण्या-मुंबईकडून आलेल्या तरुणांनी. त्याआधी विश्वनाथ नरवणे येऊन हा मुलूख पाहून गेले होते आणि पैशांसाठी सुधीर फडक्यांनी लता मंगेशकरांचा कार्यक्रम घडवून आणला होता. आमची मोहीम त्यांच्या पासंगालाही पुरणारी नाही, पण क्रम तोच ठेवला. त्र्यंबकला देवदर्शनाला गेलेला एक जण वाट वाकडी करून निरगुडपाड्याला जाऊन आला. गाडी कुठे लागते, पहाटे वाट दाखवायला गावातलं कोण येईल, माकडं कुठून सॅकवर येतात, आग्यामोहोळं कुठल्या कड्याला आहेत, एवढं पाहून आला. वर्गणीचा नियम एकच. नवरदेव देणार नाही आणि शेवटच्या दोन दिवसांत गळणाऱ्याने गाडीचा वाटा सोडायचा नाही. या दुसऱ्या कलमाने दोन ‘बघू, जमलं तर’ वाले एका मिनिटात पक्के झाले.

यादीतला सगळ्यात लांब मजकूर जिन्याचा होता. तो मेंटेनन्सवाल्याने लिहिला. कारखान्यात उंचीवर काम करायचं तर परमिट लागतं. कामाआधी पाच मिनिटं उभ्याने बोलणं होतं, कोण वर, कोण खाली, हत्यार पडलं तर कुणाच्या डोक्यात. त्याने हेच हरिहरला लावलं. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम दगडाला, एकच हलवायचा. जिन्यावर फोटो नाहीत. मोबाइल खिशात नाही, सॅकमध्ये, चेन लावलेली. आधीचा माणूस टप्पा गाठेपर्यंत खालच्याने थांबायचं. उतरताना तोंड कातळाकडे, पाठ दरीकडे. डिओ लावायचा नाही, विडी-सिगारेट नाही, शेकोटी नाही; धूर आणि उग्र वास मोहोळाला उठवतात, आणि जिन्यावर पळायला जागा नसते.

बुटांवर वेगळी चर्चा झाली. आमच्यातल्या निम्म्यांकडे भरवशाचे बूट म्हणजे कारखान्याचे सेफ्टी शूज. तेलावर न घसरणारा तळवा, त्यामुळे ‘हेच बेस्ट’ असं मत होतं. पण पुढे लोखंडी टोपी असते. उतारावर अंगठा तिच्यावर आदळत राहतो, आणि पायरीची कड बोटांना जाणवतच नाही. त्यांना साधे, पकड असलेले बूट आणायला लावलं आणि निघण्याआधीच्या आठवड्यात रोज घालायला लावलं. नवा बूट डोंगरावर पहिल्यांदा घालायचा नाही, हा त्या वहीतला बहुधा सगळ्यात उपयोगी नियम.

आणि एक जण होता ज्याला उंचीची भीती वाटते. हे त्याने सगळ्यांसमोर सांगितलं नाही, वहीवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं. अशा वेळी दोस्तांत दोनच गोष्टी घडतात: त्याला चिडवून वर चढवतात किंवा तो ऐनवेळी तब्येतीचं कारण काढतो. वहीत तिसरी सोय झाली. जिन्याखालच्या पठारावर एक माणूस लागणारच होता. सगळ्या सॅका सांभाळायला, माकडं हाकलायला, वरची हालचाल खालून बघायला आणि काही झालं तर गावात निरोप द्यायला. ते काम त्याच्या नावापुढे लिहिलं गेलं. भीतीचा उल्लेख कुठेच नाही. त्याच्या खाली एक ओळ वाढवली: जिन्याच्या तोंडाशी ज्याला ‘नको’ वाटेल त्याने नको म्हणायचं, कारण विचारायचं नाही. ही सवलत नवरदेवालाही होती.

शेवटचं पान नाईटवाल्यासाठी. गाडीचा नंबर, मुक्कामाच्या घराचा फोन, कुणाकुणाच्या घरचे नंबर, वर जायची वाट, उतरायची वेळ. रविवारी दुपारी दोनपर्यंत खाली आल्याचा फोन आला नाही तर आधी मुक्कामाच्या घरी विचारायचं, चारपर्यंत कळलं नाही तर पोलिसांना. एकाने मागे राहायचं ठरवलं होतं, म्हणून हे पान लिहिता आलं.

डोंगराने वहीबाहेरचं फारसं काही केलं नाही. जिन्याखाली पोचलो तेव्हा पूर्वेला फटफटत होतं आणि पायऱ्या मोकळ्या होत्या. नवरदेव मधल्या टप्प्यावर थांबला, खाली बघून ‘बरं झालं, आईला फोटो पाठवले नाहीत’ म्हणाला आणि चढला. मारुतीपुढे नारळ फुटला, तळ्याकाठी त्याला फेटा बांधून गुळपोळी भरवली. उतरताना पहिली मोठी टोळी दरवाजातच भेटली. त्यांना वाट देण्यात जो वेळ गेला तेवढाच काय तो खोळंबा. खाली सॅका सगळ्या होत्या, माकडांच्या हाती काही लागलं नव्हतं, आणि पहारेकऱ्याने त्याचं सविस्तर वर्णन गाडी खानवेलला लागेपर्यंत पुरवलं.

दोनच्या आत निरगुडपाड्यातून फोन लावला. नाईट करून आलेला तो झोपेतून उठला. सगळे खाली आले का, विचारलं. आले म्हटल्यावर पुढचा प्रश्न जिन्याबद्दल नव्हता. ‘उद्या फर्स्टला वेळेवर ये,’ तो म्हणाला. ‘तू आल्याशिवाय मला सुटता येत नाही.’