‘मॅश’ नक्की कुणाचं?

२८ फेब्रुवारी १९८३ च्या रात्री अमेरिकेत सुमारे १० कोटी ६० लाख माणसं एकच मालिका बघत बसली होती. सीबीएस वाहिनीवर ‘मॅश’चा अडीच तासांचा अखेरचा भाग लागला होता. कोरियन युद्धातलं एक फिरतं लष्करी रुग्णालय, तिथले सर्जन, नर्सेस, कारकून आणि पाद्री यांची ही विनोदी मालिका. खरं युद्ध जून १९५० ते जुलै १९५३ म्हणजे तीन वर्षं चाललं. मालिका मात्र ११ वर्षं चालली!

इतकी वर्षं घरोघरी वावरलेल्या मालिकेबद्दल नाही नाही त्या गोष्टी पसरणारच. त्यातल्या बऱ्याचशा एकाच समजुतीतून निघतात. ‘मॅश’ एका डोक्यातून आणि एका भूमिकेतून आलं, असं प्रेक्षक धरून चालतो. प्रत्यक्षात ज्यांनी ते लिहिलं, पडद्यावर आणलं आणि टीव्हीवर वाढवलं, त्यांना एकमेकांचं काम फारसं पसंत नव्हतं.

‘मॅश म्हणजे ॲलन ऑल्डा’

हॉकाय पिअर्स ही मुख्य भूमिका ऑल्डाची. त्याने अनेक भाग लिहिले, अखेरच्या भागासह तीसहून जास्त भाग दिग्दर्शित केले आणि अभिनय, लेखन, दिग्दर्शन या तिन्हींसाठी एमी पारितोषिकं मिळवली. त्यामुळे हा समज होणं साहजिक आहे. पण ऑल्डा आला तेव्हा हॉकायचं वय पडद्यावर आणि पुस्तकात मिळून चार वर्षांचं झालं होतं.

मूळ कादंबरी १९६८ ची. लेखक म्हणून नाव रिचर्ड हूकर. या टोपणनावामागे होता डॉ. रिचर्ड हॉर्नबर्गर, मेन राज्यात शस्त्रक्रिया करणारा सर्जन. कोरियात तो ८०५५ क्रमांकाच्या मॅश, म्हणजे फिरत्या लष्करी रुग्णालयाच्या, तुकडीत होता. कादंबरीतली ४०७७ ही तुकडी काल्पनिक, पण तिच्यामागे ही खरी तुकडी उभी आहे. हस्तलिखिताला आकार द्यायला डब्ल्यू. सी. हाइन्झ या क्रीडा पत्रकाराने हात लावला.

१९७० साली त्यावर चित्रपट आला. पटकथाकार रिंग लार्डनर धाकटा हा ‘हॉलिवूड टेन’मधला. कम्युनिस्ट असण्याबद्दलच्या प्रश्नांना उत्तर दिलं नाही म्हणून संसदेच्या अवमानाची शिक्षा झालेला. १९५० च्या उन्हाळ्यात कोरियात युद्ध पेटलं तेव्हा हा गृहस्थ तुरुंगात गेला. तिथे त्याला सोबतीला कोण भेटावं? ज्या समितीने त्याची चौकशी केली तिचा अध्यक्ष जे. पार्नेल थॉमस! तो भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात आत आला होता. असा योग लार्डनरने पटकथेत लिहिला असता तर निर्मात्याने अतिशयोक्ती म्हणून खोडला असता.

दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन याने लार्डनरची पटकथा बरीचशी बाजूला ठेवली. नटांना एकाच वेळी बोलायला लावलं, संवाद जागच्या जागी रचू दिले. डोनाल्ड सदरलंड आणि इलियट गूल्ड हे दोघे मुख्य नट इतके वैतागले, की याला काढा म्हणून त्यांनी खटपट केली. त्याच वेळी फॉक्स स्टुडिओत ‘पॅटन’सारखे मोठे युद्धपट चालू होते, साहेब लोकांचं लक्ष तिकडे होतं, म्हणून हा स्वस्तातला चित्रपट बिनबोभाट पुरा झाला. त्याला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पाच ऑस्कर नामांकनांपैकी एकच बाहुली हाती लागली आणि तीही पटकथेसाठी, लार्डनरला.

मालिकेची सुरुवातीची धूनही ऑल्डाच्या काळातली नाही. ती चित्रपटातल्या एका गाण्याची. संगीत जॉनी मँडेलचं आणि शब्द ऑल्टमनच्या मुलाचे, तेव्हा तो शाळकरी पोर होता. दिग्दर्शनाचे आपल्याला ७० हजार डॉलर मिळाले आणि पोराने गाण्यावर दहा लाखांवर कमावले, असं ऑल्टमन नंतर सांगत असे.

टीव्हीसाठी ‘मॅश’ घडवलं ते लॅरी गेल्बार्ट आणि जीन रेनॉल्ड्स या दोघांनी. गेल्बार्ट तेव्हा लंडनमध्ये राहत होता आणि पहिला भाग त्याने तिथेच लिहिला. कोरियाचं युद्ध त्याने लांबून का होईना पाहिलं होतं. सैनिकांना हसवायला निघालेल्या बॉब होपच्या ताफ्यात तो लेखक म्हणून गेला होता. चौथ्या पर्वानंतर गेल्बार्ट आणि पाचव्यानंतर रेनॉल्ड्स बाहेर पडला. पुढची सूत्रं बर्ट मेटकाफकडे गेली आणि ऑल्डाचा शब्द वाढत गेला. लागोपाठ बघितलं तर फरक स्पष्ट कळतो. आधीची वर्षं चावट आणि धारदार, नंतरची भावुक. मला विचाराल तर पहिली चार पर्वं सरस आहेत.

‘कादंबरी युद्धविरोधी होती’

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज हाच असावा. हॉर्नबर्गर राजकीयदृष्ट्या उजव्या बाजूचा होता. त्याच्या कादंबरीतले सर्जन वरिष्ठांना जुमानत नाहीत, दारू पितात, दंगा करतात, पण युद्ध चूक की बरोबर यावर प्रवचन देत नाहीत. रोज डझनावारी फाटलेली शरीरं शिवणाऱ्या तरुण डॉक्टरांनी डोकं ठिकाणावर ठेवायला काय काय केलं, एवढंच त्याला सांगायचं होतं. टीव्हीवरचा शांततावादी हॉकाय त्याला मुळीच रुचला नाही. ऑल्टमनलाही मालिका आवडली नव्हती, पण त्याची तक्रार वेगळी होती: दर आठवड्याला आशियातलं एक युद्ध करमणूक म्हणून घरात आणायचं, हे त्याला पटत नव्हतं. म्हणजे मूळ लेखकाला मालिका फार डावी वाटली आणि दिग्दर्शकाला ती युद्धाची करमणूक वाटली.

‘कोरिया नावापुरतं, गोष्ट व्हिएतनामची’

हे अर्धं खरं आहे. ऑल्टमनने चित्रपटातून कोरियाचे उल्लेख मुद्दाम गाळले होते, बघणाऱ्याला व्हिएतनामच वाटावं म्हणून. स्टुडिओने हट्टाने सुरुवातीला कोरियाची पाटी टाकायला लावली. मालिका १९७२ मध्ये सुरू झाली तेव्हाही व्हिएतनाम धगधगत होतं, आणि हॉकायची केशरचना १९५१ च्या कुठल्याही लष्करी न्हाव्याने चालवून घेतली नसती.

पण मालिकेतल्या कितीतरी घटना कोरियातल्याच आहेत. रेनॉल्ड्स आणि गेल्बार्ट यांनी तिथे काम केलेल्या डॉक्टर-नर्सांच्या मुलाखती घेतल्या, १९७४ मध्ये दोघे स्वतः दक्षिण कोरियात जाऊन आले. थंडीत उघड्या पोटातून निघणाऱ्या वाफेवर हात शेकणारे सर्जन लेखकांच्या कल्पनेतून आलेले नाहीत. ऑपरेशनच्या दृश्यांवर डॉ. वॉल्टर डिशेल या सल्लागाराची नजर असे.

‘ते हसणं प्रेक्षकांचं’

तिथे प्रेक्षक नव्हतेच. मालिका सिनेमासारखी एका कॅमेऱ्यावर चित्रित व्हायची, काही भाग फॉक्सच्या बंद मंचावर आणि बाहेरची दृश्यं मालिबूजवळच्या डोंगरांत. मागून येणारं हसणं डब्यातलं होतं. ते गेल्बार्ट आणि रेनॉल्ड्सला नको होतं, वाहिनीला हवं होतं. शेवटी तडजोड झाली की शस्त्रक्रियेच्या दालनात कुणी हसणार नाही. बीबीसीने ब्रिटनमध्ये ते हसणं काढूनच मालिका दाखवली.

‘हेन्री ब्लेकला सूड म्हणून मारलं’

या गोष्टीवर जरा थांबायला हवं. मॅक्लीन स्टीव्हन्सन हा तुकडीचा प्रमुख कर्नल हेन्री ब्लेक. गोंधळलेला, प्रेमळ, मासे पकडायचे गळ टोचलेली टोपी घातलेला. स्वतःची मालिका हवी म्हणून तिसऱ्या पर्वाअखेर त्याने निघायचं ठरवलं. १८ मार्च १९७५ च्या भागात हेन्रीची घरी रवानगी होते, निरोप होतात, सगळे हसत रडतात. भाग इथेच संपणार असं वाटत असताना तुकडीचा कारकून रेडार शस्त्रक्रियेच्या दालनात येतो आणि तार वाचतो: हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणी वाचलं नाही.

स्टीव्हन्सनला परत येता येऊ नये म्हणून हे केलं, असं आजही सांगितलं जातं. गेल्बार्ट आणि रेनॉल्ड्स यांचं म्हणणं वेगळं होतं. विनोदी मालिकेतून माणूस गेला की तो कुठेतरी सुखात नांदतो असं धरलं जातं. युद्धातून मात्र काही माणसं घरी पोचत नाहीत, आणि तीन वर्षं युद्ध दाखवून हे टाळलं तर ती फसवणूक ठरेल. ते पान संहितेतून बाजूला ठेवलं होतं. ऑल्डा सोडला तर नटांना त्याचा पत्ता नव्हता. बाकीचं चित्रण उरकल्यावर पान हाती पडलं आणि लगेच कॅमेरे चालू झाले. पहिल्या वेळी काही तांत्रिक घोळ झाला म्हणून दृश्य पुन्हा घ्यावं लागलं. दुसऱ्या वेळी तार वाचून झाल्यावरच्या शांततेत कुणाच्या तरी हातून एक उपकरण खाली पडलं. तो आवाज ठरवून केलेला नव्हता, पण तसाच ठेवला.

प्रेक्षकांनी चिडून पत्रांचा भडिमार केला. स्टीव्हन्सनची पुढची कुठलीच मालिका जमली नाही, आणि सोडून जाणं ही चूक होती असं त्याने स्वतःच म्हटलं. तो १५ फेब्रुवारी १९९६ रोजी वारला. चित्रपटात हेन्री ब्लेक झालेला रॉजर बोवेन दुसऱ्याच दिवशी गेला.

‘बाकीच्यांना हाकललं’

कुणालाही हाकललेलं नाही. हॉकायचा सहकारी सर्जन ट्रॅपर जॉन याचं काम करणारा वेन रॉजर्स बाहेर पडला, कारण त्याला सांगितलं होतं दोन नायक आणि निघाला एकच. त्याच्यावर दावा लावला गेला तेव्हा कळलं की त्याने करारावर सहीच केली नव्हती. नंतर त्याने गुंतवणुकीच्या धंद्यात चांगलाच जम बसवला. मूर्ख, कोत्या मनाच्या फ्रँक बर्न्सचा अभिनेता लॅरी लिनव्हिल लंडनच्या रॉयल अकादमीत शिकलेला, सहकाऱ्यांच्या मते अत्यंत सभ्य माणूस. पाच वर्षांनी या पात्रात करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तो थांबला. रेडार करणारा गॅरी बर्गहॉफ हा चित्रपटातून मालिकेच्या मुख्य संचात आलेला एकटाच नट. १९७९ मध्ये तो थकून निघाला. पहिल्या भागापासून अखेरपर्यंत टिकले ते दोघेच: ऑल्डा आणि मार्गारेट झालेली लोरेटा स्विट.

मालिकेतल्या क्लिंगर या पात्राबद्दलही एक गोष्ट हटकून ऐकू येते, की तो समलिंगी म्हणून बायकी कपडे घालतो. त्याला फक्त वेडा ठरून घरी जायचं असतं. पुस्तकात आणि चित्रपटात हे पात्र नाहीच. एका भागापुरतं लिहिलेलं, जेमी फारने ते इतकं रंगवलं की पुढे कायमचं झालं. फारने सैन्यात असताना खरोखर कोरियात काम केलं होतं, आणि मालिकेत त्याच्या गळ्यात दिसतात त्या ओळखपट्ट्या त्याच्या स्वतःच्या आहेत.

‘कोरियात कृष्णवर्णीय सर्जन नव्हते’

पहिल्या पर्वात टिमथी ब्राउनने केलेला एक कृष्णवर्णीय सर्जन होता. काही भागांनंतर तो गायब झाला. कारण असं दिलं गेलं, की कोरियातल्या मॅश तुकड्यांत कृष्णवर्णीय सर्जन असल्याचा पुरावा सापडला नाही. हे साफ चूक आहे. डॉ. ॲल्विन ब्लाउंट हे ८२२५ क्रमांकाच्या मॅशमध्ये शस्त्रक्रिया करत होते. युद्धावरून नॉर्थ कॅरोलायनात परतल्यावर त्यांच्याच गावच्या रुग्णालयाने वर्णामुळे त्यांना दार बंद ठेवलं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी खटला भरला, आणि १९६३ च्या त्या निकालाने अमेरिकी रुग्णालयांतला वर्णभेद मोडायला मोठा हातभार लावला. या सर्जनच्या आयुष्यावर मालिकेचं एक अख्खं पर्व निघालं असतं. लेखकांनी हा माणूस शोधला नाही, हे माझ्या मते ‘मॅश’चं सर्वांत मोठं अपयश.

‘तिथे सगळे अमेरिकीच’

मालिका पाहून असं वाटलं तर नवल नाही. पण कोरियात भारताचंही एक वैद्यकीय पथक होतं: लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स. भारताने लढणारं सैन्य पाठवायचं नाकारलं आणि डॉक्टर पाठवले. १९५० च्या अखेरीस चिनी फौजा चाल करून आल्या, प्याँगयाँग सोडायची वेळ आली आणि सामान न्यायला वाहनं नव्हती. पथकाने एक रेल्वे इंजिन आणि डबे शोधले, औषधं-उपकरणं भरली आणि गाडी स्वतःच हाकत दक्षिणेला आणली. मार्च १९५१ मध्ये अमेरिकी छत्रीधारी तुकडीबरोबर या पथकातल्या काहींनी विमानातून उड्याही घेतल्या. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं.

दारू, टवाळी आणि नर्सांच्या मागे लागणं एवढंच तिथे चालायचं, हाही समज मालिकेने दिलेला. या तुकड्यांचं काम फार मोठं होतं. रुग्णालयात पोचलेल्या जखमींपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण दुसऱ्या महायुद्धात सुमारे ४.५ टक्के होतं, कोरियात ते २.५ टक्क्यांवर आलं. फाटलेली रोहिणी बांधून टाकण्याऐवजी शिवायला सुरुवात झाली, तेव्हा अशा जखमांत हातपाय कापावे लागण्याचं प्रमाण निम्म्यावरून सुमारे १३ टक्क्यांपर्यंत उतरलं. अखेरची मॅश तुकडी, २१२ वी, २००५ च्या भूकंपानंतर मुझफ्फराबादला गेली. तिचं रुग्णालय पाकिस्तानला देऊन टाकलं आणि २००६ मध्ये तुकडी मोडली.

‘ट्रॅपर जॉन, एम.डी. ही मॅशची पुढची मालिका’

युद्धानंतर सॅन फ्रान्सिस्कोत डॉक्टरकी करणाऱ्या ट्रॅपर जॉनची मालिका १९७९ ते १९८६ चालली. ती ‘मॅश’ मालिकेतून निघालेली असेल तर ‘मॅश’ मालिकेच्या निर्मात्यांना वाटा द्यावा लागणार होता. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने सांगितलं, ही चित्रपटावरून निघालेली आहे, मालिकेवरून नाही. वेन रॉजर्स तिच्यात नव्हता. ट्रॅपर झाला पर्नेल रॉबर्ट्स, गूल्ड आणि रॉजर्सनंतरचा तिसरा.