इन्स्टॉल मधेच का बंद पडतं?
लेखमाला : घरचा संगणक, भाग ६

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले आणि जुन्या डेस्कटॉपवर नवी सिस्टीम टाकायची वेळ अनेकांवर आली. धरणगावसारख्या गावात हे संगणक जिनिंगच्या वजनकाट्यावर असतात, खत-बियाण्यांच्या दुकानात असतात, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रात असतात. बरेचसे आठ-दहा वर्षांपूर्वीचे. पेनड्राइव्ह लावून विंडोज ११ किंवा लिनक्स टाकायला घ्यावं, तर मधेच स्क्रीन निळा होतो, यंत्र आपोआप रीस्टार्ट होतं किंवा तासभर एकाच टक्क्यावर अडून बसतं. मग निकाल लागतो : ‘मदरबोर्ड गेला, नवीन घ्या.’ इतक्या घाईने दिलेला हा निकाल मला मान्य नाही. पुष्कळदा दुरुस्ती फार थोड्या पैशांत होते, कधी तर फुकटात.

काल बिलं काढणारा संगणक आज इन्स्टॉलच्या वेळीच का कोसळतो? बिलं काढताना त्याला फारसं काम नसतं. इन्स्टॉल करताना मात्र कित्येक जीबीची दाबून ठेवलेली फाइल पेनड्राइव्हवरून वाचली जाते, रॅममध्ये उलगडते आणि डिस्कवर सलग लिहिली जाते, प्रोसेसर त्या वेळात तापतच असतो. एरवी रॅमच्या ज्या कोपऱ्याला हातही लागत नाही, तो या वेळी वापरात येतो. म्हणजे जो भाग आधीच कच्चा होता, तो इथे उघडा पडतो.

म्हणून सगळ्यात आधी एकच गोष्ट बघा : यंत्र दर वेळी त्याच जागी पडतं, की जागा बदलते? दोन-तीनदा करून टक्का आणि एररचा आकडा कागदावर लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढलात तरी चालेल.

दर वेळी तीच जागा असेल, तर संशय पेनड्राइव्हवर, त्यातल्या फाइलवर, डिस्कच्या खराब भागावर किंवा ड्रायव्हरवर घ्यायचा. ८००७०५७० हा आकडा फाइल खराब आहे किंवा वाचता येत नाही असं सांगतो. अशा वेळी आयएसओ फाइल अधिकृत ठिकाणाहून पुन्हा उतरवा, तिचा चेकसम जुळवून पाहा आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर रूफससारख्या साधनाने भरा. नुसतं कॉपी-पेस्ट करू नका. फॅट३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि विंडोजची मुख्य फाइल बहुधा त्याहून मोठी असते. जुन्या विंडोजवरूनच अपग्रेड करत असाल आणि सी१९००१०१ने सुरू होणारा आकडा आला, तर तो बहुतेकदा ड्रायव्हरचा असतो. प्रिंटर, फिंगरप्रिंटचं यंत्र, वजनकाट्याची केबल, सगळं काढून फक्त कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर ठेवा. लिनक्समध्ये सुरुवातीलाच स्क्रीन काळा होत असेल, तर मेनूतला ‘सेफ ग्राफिक्स’ पर्याय वापरून बघा.

एका बाबतीत मात्र कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. ही अट चुकवायच्या युक्त्या फिरत असतात, पण २०२४च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला काही ठरावीक सूचना समजाव्याच लागतात. कोअर टू ड्युओला त्या समजत नाहीत, त्यामुळे ती आवृत्ती त्यावर सुरूच होत नाही. अशा यंत्रावर हलकं लिनक्स टाकावं.

पडण्याची जागा बदलत असेल, आज १२ टक्के, उद्या ७०, तर रॅम, उष्णता किंवा वीज. खानदेशात मी उष्णतेपासून सुरुवात करीन. एप्रिल-मेमध्ये जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्या दुपारी पत्र्याच्या खोलीतला संगणक थंड होणार तरी कसा! त्यात जिनिंगजवळच्या यंत्रांना रुईचे बारीक तंतू बाधतात. कपाशीच्या हंगामात ते पंख्यातून आत ओढले जातात आणि प्रोसेसरवरच्या जाळीत दाट थर होऊन बसतात. वरून पंखा फिरताना दिसतो, पण हवा आत पोहोचत नाही. प्रोसेसरचं तापमान साधारण शंभर अंशांच्या आसपास गेलं, की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं. बायोसमध्ये तापमान दाखवणारं पान बहुधा असतं. काही काम न करताच तिथला आकडा सत्तरच्या वर जात असेल, तर वायर काढून, अंगणात नेऊन, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअरने साफ करा. पाती मोकळी सोडली, तर भलत्या वेगाने फिरून पंखा खराब होऊ शकतो. थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झाली असेल तर ती पुसून नवी लावा. आणि इन्स्टॉल पहाटे करा.

मग रॅम. काढून तिचे सोनेरी पाय खोडरबरने हलक्या हाताने पुसणं हा जुना उपाय, आणि तो पुष्कळदा लागू पडतो. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. खात्री हवी असेल तर मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालू ठेवा. त्यात एकही लाल ओळ दिसली तर ती पट्टी बदला. एखादीच तर चूक आहे म्हणून सोडून देऊ नका, कारण त्या एका चुकीने उद्या हिशोबाची फाइल बिघडू शकते.

वीज तपासायला सोपी. बॅटरी बसलेला यूपीएस संध्याकाळच्या कमी दाबात क्षणभर जरी डगमगला, तरी यंत्र रीस्टार्ट होतं. दुसऱ्या चांगल्या संगणकाचा एसएमपीएस लावून बघितला की कळतं. एसएमपीएसची पेटी मात्र घरी उघडू नका, वायर काढल्यावरही आत धोकादायक वीज साठलेली असते.

डिस्कचं मी शेवटी सांगतोय, पण काळजी सर्वात जास्त तिचीच. लिनक्स न टाकता, नुसतं पेनड्राइव्हवरून ‘ट्राय’ पर्यायाने चालू करा. त्यातल्या ‘डिस्क्स’मध्ये स्मार्टची माहिती दिसते. तिथे रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा आकडा वाढत असेल, तर इन्स्टॉल तिथेच थांबवा. पुन्हा पुन्हा प्रयत्न करून मरणासन्न डिस्कवर लिहीत राहू नका. ‘माझं सगळं डी ड्राइव्हवर आहे’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. डी ड्राइव्ह त्याच डिस्कचा एक भाग असेल, तर डिस्क गेली की तोही गेला. दुसरी डिस्क लावून आधी उतारे, फोटो, हिशोब बाहेर काढा, मगच नवी सिस्टीम. ही कॉपी कशी करायची आणि डिस्क वाचताना अडत असेल तर काय करायचं, ते पुढच्या आठवड्यात.