आगीच्या आधी खणलेली विहीर

२९ एप्रिल १९९२. दुपारी सव्वातीनच्या सुमारास निकाल लागला. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर दंडुक्यांनी बडवणारे पोलीस सुटले. मारहाणीची चित्रफीत वर्षभर साऱ्या जगाने पाहिली होती. खटला मात्र शहराबाहेर, गोऱ्या वस्तीच्या सिमी व्हॅलीत चालला. संध्याकाळपर्यंत दक्षिण लॉस एंजेलिस पेटले. त्या वेळी पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स ब्रेंटवुडमध्ये निधी गोळा करण्याच्या एका राजकीय कार्यक्रमाला गेले होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! महापौर टॉम ब्रॅडली आले ते फर्स्ट एएमई (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) चर्चमध्ये. शहरातले कृष्णवर्णीय लोकही तिथेच लोटले होते.

तिथेच का, याचे उत्तर शोधायला १२० वर्षे मागे जावे लागते. बिडी मेसन ही गुलामगिरीत जन्मलेली सुईण. मालकाच्या गाड्यांच्या तांड्यामागून चालत ती पश्चिमेला आली आणि १८५६ मध्ये कोर्टातून तिने स्वातंत्र्य मिळवले. बाळंतपणे करून साठवलेल्या पैशांतून तिने स्प्रिंग स्ट्रीटवर जागा घेतली. १८७२ मध्ये तिच्याच घरी फर्स्ट एएमईची ही मंडळी पहिल्यांदा जमली. पुढच्याच वर्षी इकडे जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी हटवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. एएमई हा पंथही अपमानातूनच उभा राहिलेला. फिलाडेल्फियाच्या चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या कृष्णवर्णीयांना उठवले, तेव्हा रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले होते.

१९७७ मध्ये सेसिल मरे फर्स्ट एएमईचे पाळक म्हणून आले, तेव्हा उपासनेला येणारे जेमतेम अडीचशे. मरे हवाई दलातले. जळत्या विमानातल्या सहकाऱ्याला वाचवण्याच्या धडपडीबद्दल त्यांना पदक मिळालेले. मंडळीने रविवारपुरते चर्च असू नये, बेकारी, घरे, व्यसने, तुरुंगातून सुटलेली पोरे हेही चर्चचेच काम, असा त्यांचा आग्रह. २००४ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा सभासद १८ हजारांच्या घरात गेले होते.

दंगलीचे मूळ एकट्या किंग प्रकरणात नव्हते. त्या मारहाणीनंतर १३ दिवसांनी लटाशा हार्लिन्स ही १५ वर्षांची मुलगी एका कोरियन दुकानात संत्र्याच्या रसाची बाटली घ्यायला गेली. पैसे हातात होते. चोरीच्या संशयावरून झटापट झाली आणि पाठ फिरवून निघालेल्या मुलीच्या डोक्यात दुकानदारीण बाईने गोळी घातली. न्यायाधीशांनी बाईला तुरुंगात पाठवले नाही. परिवीक्षा, समाजसेवा आणि ५०० डॉलर दंड एवढ्यावर भागले. पुढच्या वसंतात कोरियनांची दोन हजारांवर दुकाने लुटली-जाळली गेली. ज्यांनी कुणाचे काही बिघडवले नव्हते, अशांचीही.

त्या रात्री चर्चने आग थांबवली नाही. ते त्याच्या हातात नव्हतेच. मरे आपल्या माणसांना घेऊन रस्त्यावर उतरले आणि जमाव व पोलीस यांच्यामध्ये उभे राहिले. बाहेर रोखायचे आणि आत रडू द्यायचे, अशी दोन्ही कामे एकाच वेळी चालली. पन्नासहून अधिक माणसे गेली, सुमारे एक अब्ज डॉलरचे नुकसान झाले. मग धान्य, कपडे, औषधे यांचे वाटप सुरू झाले. डिस्नी कंपनीने दिलेल्या दहा लाख डॉलरमधून चर्चने छोट्या व्यावसायिकांना कर्जे दिली. बँका ज्यांना दारातूनच परत पाठवत, असे हे लोक.

पोलीस खाते यामुळे सुधारले असे म्हणता येणार नाही. १९९३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने दोन पोलिसांना दोषी ठरवले, तेही शहर एकदा जळल्यावर. चर्चचे श्रेय वेगळे आहे. तहान लागल्यावर विहीर खणायची ही सगळ्या शहरांची रीत; या मंडळीने ती आधीच खणली होती. म्हणून त्या रात्री लोकांना जायला जागा होती.

बिडी मेसन १८९१ मध्ये वारली. तिच्या थडग्यावर जवळजवळ शंभर वर्षे साधा दगडही नव्हता. १९८८ मध्ये तो बसवला, तेव्हा दफनभूमीत महापौर ब्रॅडली उभे होते आणि सोबत याच चर्चचे हजारो लोक. चार वर्षांनी, शहर पेटल्यावर, ब्रॅडली आले ते याच लोकांकडे.