दोरीचा करंट, खो-खोचे गेट

विजेचा प्रवाह डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना तो आधी दुसऱ्या कशात तरी दाखवावा लागतो. छत्रपती संभाजीनगरात त्यासाठी पाणचक्की हाताशी आहे. डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून तिथे येई, उंचावरून पडे आणि त्या जोरावर जाते फिरे. पाण्याची उंची म्हणजे व्होल्टेज, वाहणे म्हणजे करंट, जाते म्हणजे दिवा. पण पाणचक्कीचे पाणी पुढे निघून जाते. सर्किटमधला करंट मात्र सेलकडे परत येतो. हे निसटले की करंट दिव्यात ‘संपतो’ असे मुले धरून चालतात, आणि तो समज मग सहजी जात नाही.

त्यावर दोरीचा खेळ उत्तम. वीसेक मुलांनी गोल उभे राहायचे आणि टोके बांधलेली साधारण वीस मीटर दोरी सैल मुठींतून फिरू द्यायची. एक मूल सेल होऊन दोरी ओढत राहते, समोरचे मूल दिवा होऊन मूठ जराशी आवळते. त्याचा तळहात गरम होतो, पण दोरी जितकी आत जाते तितकीच बाहेर येते. मूठ आणखी आवळली की सगळ्यांच्याच हातातली दोरी मंदावते. रेझिस्टन्सची याहून चांगली व्याख्या फळ्यावर लिहिता येत नाही.

लॉजिक गेटसाठी खो-खो पुरतो. बसलेल्या मुलाने दोघांचा खो मिळाला तरच उठायचे, हे अँड गेट. कुणाही एकाचा मिळाला तरी उठायचे, हे ऑर गेट. उभ्या मुलाने खो मिळताच बसायचे, हे नॉट गेट. अशी मुले रांगेत जोडत गेले की मैदानावरच कॅल्क्युलेटरचा गाभा उभा राहतो.

किट त्यानंतर द्यावे. 2016 पासून नीती आयोगाच्या योजनेतून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब निघाल्या. जिथे लॅब नाही तिथे दोन पेन्सिल सेल, 100 ओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी एवढ्यावर भागते. एलईडीचा लांब पाय प्लसकडे. उलटा जोडला तर तो पेटत नाही, आणि का पेटत नाही हे गटानेच शोधावे.

बटण सेल लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, ते गिळले गेल्यास जीवघेणे ठरतात. आणि सारे प्रयोग सेलवरच करावेत. भिंतीतल्या सॉकेटमध्ये 230 व्होल्ट असतात.